मॉन्टे कार्लो 1966: हेडलाइटच्या बल्बने फिरवलेला निकाल

जानेवारी 1966 मधील मॉन्टे कार्लो रॅली संपली आणि वेळेचे हिशेब मांडले गेले, तेव्हा पहिल्या तीनही जागांवर ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, म्हणजे बीएमसीच्या, मिनी कूपर एस गाड्या होत्या. पहिल्या क्रमांकावर चालक टिमो मॅकिनेन आणि सहचालक पॉल ईस्टर, दुसऱ्यावर राउनो आल्टोनेन आणि टोनी अँब्रोज, तिसऱ्यावर पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन. चौथी जागा रॉजर क्लार्कच्या फोर्ड लोटस कॉर्टिनाची होती. अंतिम निकाल जाहीर झाला तेव्हा यांपैकी एकही गाडी यादीत उरली नव्हती. एकूण दहा गाड्या बाद ठरल्या आणि विजेतेपद फिनलंडच्याच पाउली टोइवोनेनच्या सित्रोएन आयडी गाडीकडे गेले. इंजिन, वजन, चाके किंवा वेळपत्रक यांपैकी कशातही दोष निघालेला नव्हता. गाड्या बाद झाल्या त्या हेडलाइटमधील बल्बमुळे.

हे प्रकरण बहुधा ‘फ्रेंचांनी ब्रिटिशांवर केलेला अन्याय’ असेच सांगितले जाते. त्या कथेत तथ्य आहे, पण ती अर्धी आहे. ज्या दिव्यावर तपासनिसांनी बोट ठेवले, तो तेथे का होता, तो बदलण्याचा मोह संघाला का झाला आणि त्याआधी गाडीचा वर्ग निवडताना संघाने कोणती अट स्वतःच्या गळ्यात बांधून घेतली होती, हे पाहिल्याशिवाय निकालाचे योग्य मूल्यमापन होत नाही. मोनॅकोचा ऑटोमोबाइल क्लब 1998 पासून जुन्या गाड्यांसाठी मॉन्टे कार्लो हिस्टोरिक ही वेगळी हिवाळी रॅली भरवतो आणि तिच्यात मिनी आजही हौसेने उतरवल्या जातात. त्यामुळे हा साठ वर्षांपूर्वीचा वाद केवळ इतिहासजमा झालेला नाही.

मिनी आणि बर्फ

अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली मिनी ऑगस्ट 1959 मध्ये बाजारात आली. सुमारे 3.05 मीटर लांबीच्या या गाडीत इंजिन आडवे बसवलेले होते, गिअरबॉक्स इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतच सामावलेला होता आणि शक्ती पुढच्या चाकांना मिळत होती. कमी जागेत चार माणसे बसवण्यासाठी केलेली ही मांडणी घाटातील बर्फावर अनपेक्षितपणे फळाला आली. वजनाचा मोठा भाग पुढे, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवरच असल्यामुळे निसरड्या चढावर पकड टिकून राहत असे आणि अरुंद रस्त्यावर रेषा निवडायला मोठ्या गाडीपेक्षा अधिक जागा मिळत असे. स्कँडिनेव्हियन चालक उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून डाव्या पायाने ब्रेक लावत; त्यामुळे पुढून ओढली जाणारी गाडी वळणात सरळ निसटण्याऐवजी मागून हलकीशी फिरे आणि चालकाला हवी ती दिशा घेई. मॅकिनेन आणि आल्टोनेन या दोघांनी हे तंत्र मिनीवर पुरते घोटवले होते.

रॅलीतील यश 1964 मध्ये आले. हॉपकर्क आणि लिडन यांनी 1071 सीसीच्या कूपर एसने विजेतेपद मिळवले. मात्र त्या वर्षी विशेष टप्प्यांवर, म्हणजे वेळ मोजून धावायच्या बंद रस्त्यांवर, सर्वांत वेगवान ठरली होती ती बो ल्युंगफेल्टची व्ही-8 इंजिनाची फोर्ड फाल्कन. त्या काळच्या गणितात लहान इंजिनाच्या गाडीला सूट मिळत असे आणि त्या सुटीने पारडे मिनीकडे झुकले. मॉन्टे कार्लोचे निकाल केवळ घड्याळावर ठरत नसत, सूत्रावरही ठरत, हे बीएमसीला चांगले ठाऊक होते. 1964 मध्ये सूत्र तिच्या बाजूचे होते, एवढेच. 1965 चा विजय मात्र सूत्राच्या आडोशाने झाला असे कोणी म्हणू शकत नाही. त्या वर्षी हिमवादळाने रॅलीची दाणादाण उडाली, निघालेल्या 237 गाड्यांपैकी जेमतेम 35 शेवटपर्यंत पोहोचल्या आणि रस्त्यावरील टप्प्यांत एकही दंडगुण न घेता आला तो एकटा मॅकिनेन, 1275 सीसीच्या मिनीत.

मराठी वाचकाला बीएमसी हे नाव परके वाटेल, पण आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेल्या अँबेसेडरचे 1489 सीसी इंजिन याच कंपनीच्या बी-मालिकेतले होते. मिनीचे इंजिन ए-मालिकेतले. अँबेसेडरच्या इंजिनाचा धाकटा भाऊ म्हणता येईल असे.

गट क्रमांक एक

सलग दोन वर्षांच्या विजयानंतर 1966 साठी नियमच बदलले. आंतरराष्ट्रीय मोटर क्रीडा संहितेचे परिशिष्ट ‘जे’ त्या वर्षारंभापासून नव्याने लागू झाले आणि गाड्यांची नवी गटवारी ठरली. सलग बारा महिन्यांत किमान 5000 गाड्या बनलेले मॉडेल पहिल्या गटात, किमान 1000 बनलेले दुसऱ्यात आणि 500 बनलेल्या जीटी गाड्या तिसऱ्या गटात, अशी ही रचना होती. पहिल्या गटातील गाडी ग्राहकाला दुकानात मिळते तशीच, जवळजवळ बदलाविना उतरवायची होती. दुसऱ्या गटात इंजिन व इतर भागांवर काम करण्यास बरीच मोकळीक होती.

मॉन्टे कार्लोच्या आयोजकांनी या गटवारीवर आपले गणित चढवले. वरच्या गटांतील गाड्यांच्या वेळेवर टक्केवारीने भार टाकला आणि पहिला गट त्यातून मुक्त ठेवला. तो भार इतका होता की सुधारलेली गाडी घेऊन येणाऱ्याला एकूण विजेतेपदाची आशा ठेवण्यात अर्थ नव्हता. ब्रिटिश संघ रॅलीसाठी खास सुधारलेल्या गाड्या आणतात, त्यांना आळा घालण्यासाठी ही योजना केली असल्याची कुजबुज तेव्हा झाली. हेतूबद्दल तर्क करण्यापेक्षा परिणाम पाहणे अधिक उपयोगी आहे: ज्याला जिंकायचे होते, त्याला पहिल्या गटात यावेच लागले. बीएमसीच्या स्पर्धा विभागाचे प्रमुख स्टुअर्ट टर्नर हे नियमांचा कीस काढणारे व्यवस्थापक म्हणून ओळखले जात. 1275 सीसी कूपर एस पहिल्या गटात मान्य करून घेतली गेली आणि इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील विभागाच्या कार्यशाळेत गाड्या त्या मापाने तयार झाल्या.

या प्रकरणाचे मूळ मला येथे दिसते. पहिला गट निवडताच ‘दुकानात मिळते तशी’ ही अट गाडीतील प्रत्येक भागाला लागू झाली. ही अट इंजिनाबाबत पाळणे कठीण असले तरी तिचा अर्थ स्पष्ट असतो: मापे असतात, वजने असतात, मान्यतापत्रावर आकडे असतात. दिव्यांसारख्या किरकोळ वाटणाऱ्या भागाबाबत मात्र अट तितकीच कडक राहते आणि तिचा अर्थ धूसर होतो. पुण्यातील वाहन उद्योगात काम केलेल्यांना ‘होमोलोगेशन’ या शब्दामागची ही डोकेदुखी सांगायला नको. नमुना मान्य झाला की एखादा बल्बसुद्धा मनाने बदलता येत नाही. योगायोग असा की तेथील ‘एआरएआय’ ही वाहन-चाचणी संस्थादेखील 1966 सालचीच.

बल्ब

साध्या बल्बमधील टंगस्टनची तार तापली की तिचे कण हळूहळू उडतात आणि काचेच्या आतल्या बाजूस काळपट थर बनून बसतात. प्रकाश मंदावतो, तार झिजते, म्हणून तिला एका मर्यादेपलीकडे तापवता येत नाही. बल्बमध्ये आयोडीनची वाफ भरली तर उडालेले टंगस्टन तिच्याशी संयोग पावते आणि तप्त तारेजवळ परतून पुन्हा तारेवरच जमा होते. बल्ब काळा पडत नाही आणि तार अधिक तापवता येते, म्हणजे तेवढ्याच विजेत अधिक पांढरा व अधिक प्रखर प्रकाश मिळतो. हे चक्र चालण्यासाठी बल्बची भिंतही अतिशय गरम राहावी लागते आणि साधी काच तेथे तग धरत नाही, म्हणून क्वार्ट्झ वापरावे लागते. आज आपण ज्याला हॅलोजन म्हणतो, तो हाच दिवा.

मोटारीसाठीचा असा पहिला प्रमाणित बल्ब, एच-1, 1962 मध्ये आला. त्यात एकच फिलामेंट, म्हणजे तार, होते. अपर आणि डिपर या दोन्हींसाठी एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असणारा हॅलोजन बल्ब, म्हणजे एच-4, बाजारात येण्यास 1971 उजाडले. मधल्या काळात ज्याला हॅलोजनचा प्रकाश हेडलाइटमध्ये हवा होता, त्याला डिपरवर पाणी सोडावे लागे किंवा तो दुसऱ्या कोठून तरी आणावा लागे. 1966 च्या ब्रिटिश गाड्यांनी दुसरा मार्ग पत्करला होता. त्यांच्या हेडलाइटमध्ये एका फिलामेंटचे आयोडीन बल्ब होते. समोरून वाहन आले की हेडलाइट बंद करून खाली रोखलेले फॉग लॅम्प लावायचे, अशी जोडणी होती. दुकानात मिळणाऱ्या मिनीत, कॉर्टिनात किंवा हिलमन इम्पमध्ये मात्र दोन फिलामेंटचा साधा बल्ब येई आणि डिपर त्यातूनच मिळे.

प्रकाशासाठी एवढा आटापिटा का, हे रॅलीचा मार्ग पाहिल्यावर कळते. मॉन्टे कार्लोचे निर्णायक टप्पे आल्प्सच्या दक्षिण टोकाकडील घाटांत, अनेकदा रात्री होतात. 1607 मीटर उंचीची तुरिनी खिंड त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. त्या रस्त्यांवर एका वळणाला कोरडे डांबर, दुसऱ्याला तुडवलेला बर्फ आणि तिसऱ्याला पारदर्शक हिम असते. पुढे गेलेल्या पाहणी-चमूने टिपणांत ‘येथे हिम’ असे लिहून दिले असले, तरी तास-दोन तासांत परिस्थिती पालटते आणि खिळ्यांचे टायर असलेल्या गाडीलाही ते शंभर मीटर आधी दिसावे लागते. चालकाच्या दृष्टीने दिवा हा येथे ब्रेकइतकाच महत्त्वाचा भाग आहे. ज्या संघाने इंजिन मूळ स्थितीत ठेवण्याची अट स्वीकारली होती, त्याला वेळ वाचवण्यासाठी उरलेल्या थोड्या जागांपैकी ही एक होती.

तपासणी आणि निकाल

रॅली संपताच अग्रक्रमाच्या गाड्यांची कसून तपासणी झाली. इंजिने उघडली गेली, भाग मोजले गेले आणि मान्यतापत्राशी ताडून पाहिले गेले. यांत्रिक बाजूने मिनी निर्दोष ठरली. पहिल्या गटाच्या मर्यादेत राहून त्या इतक्या वेगाने कशा धावल्या, याविषयीच्या शंका त्यामुळे खरे तर मिटायला हव्या होत्या. त्यानंतर दिव्यांचा आक्षेप पुढे आला: हेडलाइटमधील बल्ब उत्पादनातील गाडीप्रमाणे नाहीत आणि हेडलाइटमधून डिपर मिळत नाही. मिनी आणि कॉर्टिना यांच्यासह, महिलांचा करंडक जिंकून एकूण क्रमवारीत सहाव्या असलेल्या रोझमेरी स्मिथची हिलमन इम्पही याच कारणाने बाद झाली.

संघांनी हरकती घेतल्या, पुढे अपील केले. निर्णय बदलला नाही. मोनॅकोचे प्रिन्स रेनिए दरवर्षी बक्षीस समारंभापर्यंत थांबत. त्या वर्षी ते आधीच निघून गेले आणि त्याचा अर्थ सर्वांनी एकच लावला. ब्रिटिश मासिक ‘मोटर स्पोर्ट’ने वृत्ताला ‘मॉन्टे कार्लोचा फज्जा’ अशा आशयाचे शीर्षक दिले. टोइवोनेनची स्थिती सर्वांत अवघडलेली होती. स्वतःच्या देशातील दोन चालकांना मागे टाकून नव्हे, तर त्यांची नावे खोडली गेल्यामुळे त्याला मिळालेला तो करंडक होता. त्याच्या क्षमतेविषयी प्रश्न नव्हताच. 1968 मध्ये पोर्शे 911 घेऊन तो युरोपीय रॅली विजेता झाला. त्याचा मुलगा हेन्री याने 1986 मध्ये लान्चिया डेल्टा एस-4 ने मॉन्टे कार्लो जिंकली, आणि त्या विजयावर कोणाला बोट ठेवता आले नाही.

दोष कोणाचा

येथे तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात, कारण बहुतेक लेखनात ते एकमेकांत मिसळून जातात.

पहिला, दिवा नियमाला धरून होता का? पहिल्या गटाची अट अक्षरशः वाचली तर नव्हता. दोन फिलामेंटच्या जागी एक फिलामेंट आणि डिपरसाठी वेगळा दिवा, हा उत्पादनातील गाडीपासून झालेला बदल होता, हे नाकारता येत नाही. ‘रॅलीच्या गाड्यांत आता हे बल्ब रूढ होत आले आहेत’ हा युक्तिवाद व्यवहाराच्या अंगाने पटतो, पण गट एकच्या बाबतीत तो कामाचा नाही. त्या गटाचे सारे प्रयोजनच रॅलीतील रूढींपासून गाडीला अलिप्त ठेवण्याचे होते.

दुसरा, चुकीच्या प्रमाणात शिक्षा झाली का? या बाबतीत आयोजकांची बाजू लंगडी आहे. विशेष टप्प्यांचे रस्ते इतर वाहतुकीसाठी बंद असतात, तेथे डिपरचा प्रश्न येत नाही. टप्प्यांना जोडणाऱ्या खुल्या रस्त्यांवर तो येतो आणि तेथे फॉग लॅम्पने समोरच्याचे डोळे दिपण्यापासून वाचत होते. सुरक्षेला धोका म्हणावा तर तो सिद्ध झाला नाही, वेळेचा लाभ म्हणावा तर तो कोणी मोजला नाही. गुण कापणे, वरच्या गटात टाकून त्या गटाचा भार लावणे अशा मधल्या पायऱ्यांचा विचार करता आला असता. त्याऐवजी एकदम शेवटची पायरी गाठली गेली.

तिसरा प्रश्न प्रक्रियेचा, आणि माझ्या मते तोच निर्णायक. हेडलाइट हा गाडीच्या तोंडावरचा भाग आहे. तो पाहण्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही. निरनिराळ्या शहरांतून निघून हजारो किलोमीटर युरोप पालथा घालून आलेल्या गाड्यांचे दिवे सुरुवातीलाच पाहता आले असते आणि दोष असेल तर स्पर्धकाला तो दुरुस्त करण्याची संधी देता आली असती. नवे परिशिष्ट लागू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि त्याचा अर्थ कसा लावायचा याविषयी संघांत आधीपासूनच संभ्रम होता, ही बाब आयोजकांची जबाबदारी वाढवणारी होती. सर्व यांत्रिक तपासणीतून गाड्या निर्दोष सुटल्यानंतर दिवे पुढे आल्याने, दोष शोधता शोधता अखेर एक हाती लागला, असा समज पसरला. निकाल नियमाला धरून असूनही विश्वासार्ह का वाटला नाही, याचे उत्तर येथे मिळते.

तरीही बीएमसीच्या बाजूनेही एक मार्ग मोकळा होता, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. हेडलाइट मूळ बल्बांसह तसेच ठेवून आयोडीन बल्ब केवळ जादा दिव्यांत बसवता आले असते. हेडलाइट उत्पादनातल्यासारखे, डिपर उत्पादनातल्यासारखा आणि लांबचा प्रकाश परवानगीतील जादा दिव्यांतून. थोडा प्रकाश कमी पडला असता, हे मान्य. पण तीनही गाड्या ज्या फरकाने पुढे होत्या तो पाहता ती किंमत परवडली असती, असे मला वाटते. नियम नवा असताना आणि आयोजक अनुकूल नसताना, ज्या बदलाचा लाभ लहान आहे आणि जो सर्वांना डोळ्यांनी दिसतो, तो बदल सर्वांत महाग पडतो. टर्नर यांच्यासारख्या चाणाक्ष माणसाच्या नजरेतून हे सुटले, की त्यांनी जाणून हा धोका पत्करला, हे निकालावरून ठरवता येत नाही.

पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, आल्टोनेन आणि लिडन यांनी मिनीने मॉन्टे कार्लो जिंकली. ओव्हे आंदेर्सनच्या लान्चिया फुल्वियापेक्षा ते केवळ 13 सेकंदांनी पुढे होते. त्या वेळी दिव्यांवरून कोणी आक्षेप घेतला नाही. त्याच वर्षी सित्रोएनने आपल्या डीएस गाडीला वळणाबरोबर वळणारे हेडलाइट दिले. दिव्यांच्या वादातून विजेती ठरलेली कंपनी वर्षभरात दिव्यांच्या बाबतीत सर्वांच्या पुढे गेली, हा त्या वादाला जोडलेला गमतीचा शेपटा.

आज हीच गाडी नेताना

मॉन्टे कार्लो हिस्टोरिकमध्ये वेग मोजला जात नाही, नियमितता मोजली जाते. ठरलेल्या सरासरी वेगाने टप्पा पार करायचा असतो आणि मार्गात न सांगता ठेवलेल्या ठिकाणी वेळ घेतली जाते. लवकर आल्यासही दंड, उशीर झाल्यासही दंड. सरासरी ताशी 50 किलोमीटरच्या आत ठेवलेली असते, कारण रस्ते सर्वसामान्य वाहतुकीला खुले असतात. बर्फाच्या घाटात ही सरासरी राखणे म्हणजे आरामाचा प्रवास नव्हे, पण 1966 शी तुलना करता एक मूलभूत फरक पडतो: समोरून खरोखरच गाडी येते. ज्या डिपरवरून तेव्हा वाद झाला तो बंद रस्त्यावर जवळजवळ निरुपयोगी होता. आजच्या स्पर्धेत तो रात्रभर लागतो.

त्यामुळे 1965-66 ची कूपर एस घेऊन जाणाऱ्याने हेडलाइटमध्ये डिपर असलेले बल्बच ठेवावेत आणि जादा दिव्यांची संख्या व जागा त्या वर्षीच्या स्पर्धानियमांत पाहून ठरवावी. मग विजेचा हिशेब करावा. दोन हेडलाइट आणि चार जादा दिवे, प्रत्येकी 55 वॅट धरले तर 330 वॅट होतात. 12 व्होल्टवर ते साडेसत्तावीस अँपिअरच्या आसपास जाते. इग्निशन, वायपर, हीटरचा पंखा आणि सहचालकाचे अंतरमापक यंत्र त्यात धरलेले नाहीत. त्या काळच्या मिनीतला लुकासचा सी-40 डायनमो 22 अँपिअरच देतो, आणि तोही इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. म्हणजे सर्व दिवे लावून घाट चढणारी गाडी बॅटरीतून उसनवारी करत असते आणि पहाटेच्या थांब्यावर ती उधारी वसूल होते. डायनमोऐवजी अधिक वीज देणारा अल्टरनेटर बसवणे हा सरळ उपाय आहे. परंतु तो बसवण्याची परवानगी आपल्या गाडीच्या वर्षाला व मॉडेलला आहे की नाही, हे आयोजकांकडून आधी लेखी मागवून घ्यावे. पुढच्या जाळीमागेच असलेला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वीज वाटणारा भाग, उडणाऱ्या बर्फाच्या पाण्याने ओला होऊन गाडी बंद पडते, ही मिनीची जुनी खोड आहे. त्यावर रबरी आवरण घालण्याची पद्धत त्या काळापासून चालत आली आहे. बल्ब, आवरण, अल्टरनेटर यांपैकी प्रत्येक बदलाचे परवानगीपत्र आणि गाडीच्या मान्यतापत्राची प्रत सहचालकाच्या पिशवीत असावी, आणि ती कागदपत्रे सुटण्याआधीच्या तपासणीच्या वेळी आपणहून तपासनिसांपुढे ठेवावीत.